पुसद ते कोल्हापूर, व्हाया नागपूर

आमच्या ह्यांना कुणी "अमुक गाव किती लांब आहे हो?" असं विचारलं, तर ते किलोमीटर सांगत नाहीत. "कोणत्या गाडीनं?" असं उलट विचारतात. पुसदच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नये. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी आंघोळ करता करता न्हाणीतून ओरडतात, "रजनी, माहूर आज सात मिनिटं लेट हाय!" आमचं घर स्टँडपासून दोन गल्ल्या आत आहे आणि ह्यांना हॉर्नवरून गाडी कळते. श्रीकृष्ण हे त्यांचं नाव. मी जन्मभर 'अहो'च म्हणत आले, तेव्हा इथंही 'हे' असंच लिहिणार.

मी स्वतः भूमी अभिलेख कार्यालयात नकाशे काढायचे. माझ्या लेखी दोन गावांमधलं अंतर म्हणजे पट्टी ठेवून ओढलेली सरळ रेघ. ह्यांच्या लेखी अंतर म्हणजे घाट, फाटे, चहाचा थांबा आणि रेल्वेचं फाटक. या एका गोष्टीवरून आम्ही जितके भांडलो, तितके सासूवरूनही भांडलो नाही.

आमची एकुलती एक मिताली. इथंच, पुसदला लागून असलेल्या वरुडच्या डेअरी कॉलेजात शिकली, घरचं खाऊन. दोन वर्षांपूर्वी तिला कोल्हापूरला एका दूध प्लांटमध्ये नोकरी लागली. तेव्हा हे फारसं बोलले नाहीत. नोकरी आहे, आज तिथं, उद्या दुसरीकडे, असं मनाला समजावलं असावं. पण या दिवाळीत ती आली आणि दुसऱ्याच दिवशी फराळाच्या ताटावर म्हणाली, "आई, बाबा, मले अवधूतशी लग्न करायचं आहे." अवधूत कोल्हापूरचा. फाउंड्रीत साचे करायला लाकडाचे नमुने लागतात, त्यांचं त्याचं वर्कशॉप आहे. फोनवर दोनदा बोलला होता माझ्याशी. मला आवाजातच पसंत होता.

ह्यांनी जात विचारली नाही, शेती विचारली नाही, पत्रिका विचारली नाही. चकलीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "पोरगा चांगला असन. जागा चुकीची हाय."

आता ह्यांचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ह्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जातो, दोन घास खातो आणि दिवे लागायच्या आत निघतो. म्हणून ह्यांचं ठाम मत, की लेक अशाच गावी द्यावी, जिथं बाप पहिल्या गाडीनं जाईल आणि शेवटच्या गाडीनं परत निघेल. ह्यांच्या दोन्ही बहिणी याच हिशेबात बसवून दिल्या, एक मारेगावला, एक बोरी अरबला. शिवाय स्टँडवर काय काय पाहिलं, ते हे सांगत बसतात. लेकीच्या गावाहून परतलेला बाप म्हणे ह्यांना नुसत्या चालण्यावरून ओळखता येतो. ज्याला हवं तेव्हा पुन्हा जाता येणार आहे, तो पिशवी हलवत उतरतो. ज्याला नाही, तो गाडी रिकामी झाली तरी सीटवर बसून राहतो. "कंडक्टरनं उठवलेले बाप पाह्यले हायत मी," हे म्हणतात.

मिताली काही कमी नाही. म्हणाली, "बाबा, नागपूर ते कोल्हापूर विमान आहे. दीड तास लागते. दीड तास! तुम्हाले बोरी अरबच्या आत्याकडे जायले याच्यापेक्षा जास्त लागते."

"नागपूर काय आपल्या ओसरीवर हाय?" हे भडकले. "पुसदहून नागपूर सव्वापाच तास. विमानाच्या आधी दोन तास जाऊन बसा लागते. अन् कोल्हापूर हाय तिकडे खाली, तू मले नेऊन राह्यली वर! आधी उलटं जा, मंग सुलटं ये. असा मार्ग कोण मंजूर करते?"

मिताली रुसून परत गेली. आणि ह्यांनी जुन्या डायऱ्या बाहेर काढल्या.

मला वाटलं, नकाराची कारणं जमवत असतील. रोज दुपारी जेवण झालं की ओसरीवर चष्मा लावून बसायचे, कागदावर काहीतरी लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. आठवडाभरानं हे दाढी करायला गेले असताना मी ते कागद पाहिले. सात पानं होती. पुसद–नागपूर–कोल्हापूर. पुसद–नांदेड–कोल्हापूर. पुसद–संभाजीनगर–पुणे–कोल्हापूर. प्रत्येकाखाली सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मधला थांबा. कुठं जेवण कापून वीस मिनिटं वाचवली होती, कुठं रिक्षाऐवजी पायी जाऊन दहा. एका पानावर तर पहाटे तीनची मालगाडीही घातली होती, तीवर काट मारली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस नकार लिहीत नव्हता. कुठूनतरी होकार बसतो का, ते शोधत होता. मी कागद होते तसे ठेवले आणि त्या दिवशी भाजीत ह्यांच्या आवडीचं खोबरं जरा जास्तच घातलं.

संध्याकाळी अय्यूबभाई आले. अय्यूबभाई डेपोचे हेड मेकॅनिक होते. ह्यांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती आणि तीस वर्षांची वादावादी. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "श्रीकृष्णा, एक बात सांग. पोरगी दोन सालापासून तिथंच राहून राह्यली. शादी झाली म्हणून कोल्हापूर अजून सरकन का तिकडे?"

"नोकरी अलग, सासर अलग," हे म्हणाले. "नोकरी सुटते."

"मग तू पाह्यलं का जाऊन?"

नवा मार्ग सुरू करायचा तर एसटीत आधी सर्वेक्षण करतात. घड्याळ आणि वही घेऊन माणूस त्या रस्त्यानं प्रत्यक्ष जातो. हे तर ह्यांनीच आम्हाला शेकडो वेळा ऐकवलेलं. मी संधी सोडली नाही. "अय्यूबभाईंसमोर सांगा," मी म्हटलं, "एका दिवसात जाऊन परत निघता आलं, तर लग्नाला हो म्हणाल?"

ह्यांनी बराच वेळ कप फिरवला. "पहिल्या गाडीनं जाऊन त्याच दिवशी शेवटच्या गाडीनं निघता आलं, तर हो," हे म्हणाले. "अख्खी रात एसटीत काढा लागली, तर थे जमलं असं धराचं नाही. नाही जमलं तर नाही. मंग कोणी माह्या मागं लागाचं नाही."

"पुसदला पोचायला मध्यरात्र उलटेल ना पण?" मी विचारलं.

"गाडी सुटली त्या दिवसाची धरतात, पोचली त्या दिवसाची नाही. तुले एवढंई माहीत नाही?"

तिकिटं काढायला आम्ही अय्यूबभाईंच्या फिजाकडे गेलो. तिचं ऑनलाईन कामांचं सेंटर आहे. तिनं गुरुवारची दोन तिकिटं काढली, नागपूरहून बारा वीसला सुटणारं, कोल्हापूरला एक पन्नासला पोचणारं. मग विचारलं, "काका, रिटर्न?"

"थे तिकडे खिडकीवर घेतो."

"पण काका, संध्याकाळी वापस येणारं विमान दिसून नाही राह्यलं इथं."

हे हसले. लहान पोराला समजवावं तसं समजावलं. "बेटा, आपल्या स्टँडच्या फलकावर आपल्या इथून सुटणाऱ्या गाड्या राह्यतात. तिकडून सुटणाऱ्या तिकडच्या फलकावर. अन् नागपूरची गाडी हाय थे, मुक्कामाले नागपूरलेच येईन. डेपो सोडून कोणती गाडी बाहेर झोपते?"

"काका, याच्यात सगळ्याच दिसतात..."

"चौतीस वर्षं फलक मी रंगवून घेतला, बेटा."

मीही तिथं गप्प बसले, हे कबूल करते. या माणसानं आयुष्यात माझी एक गाडी चुकू दिली नव्हती. मितालीला काही कळवायचं नाही, असंही ठरलं, कारण सर्वेक्षण सांगून करत नसतात.

गुरुवारी पहाटे पाचच्या नागपूर गाडीत बसलो. मी मितालीसाठी मुगवड्या आणि लाल तिखटाची पुडी घेतली होती. हे दर थांब्याला वेळ लिहीत होते. यवतमाळला चार मिनिटं लवकर पोचलो, तर ह्यांचा चेहरा असा फुलला की जणू गाडी ह्यांनीच चालवली. नागपूरच्या विमानतळावर माझं तिखट काढून घेतलं. तिखट आत नेता येत नाही म्हणे. "डोळ्यात टाकायचं नाही हो, वरणात टाकायचं आहे," मी सांगून पाहिलं. ह्यांना हातातलं घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायला लावलं, तेव्हा घड्याळ त्या यंत्रातून बाहेर येईपर्यंत हे डोळे न मिटता उभे होते.

विमान बारा सव्वीसला हललं. "सहा मिनिटं लेट," हे म्हणाले, "अन् कोणी माफी नाही मागितली." पण चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, तो पट्टा सोडायची खूण होईपर्यंत सोडला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदाच धरला. मी कशाला सोडवते?

मी घरून निघण्याआधी नकाशावर पट्टी ठेवून पाहिली होती. नागपूर आणि कोल्हापूर जोडणारी रेघ आपल्या पुसदच्या अगदी जवळून जाते, हे मी ह्यांना सांगितलंही होतं. "नकाशात काहीही जाते," असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. हे खिडकीला नाक लावून बसलेले. खाली कापसाची काळी-हिरवी वावरं, मग टेकड्या आणि मग एकदम मोठं, फाटे फुटलेलं निळं पाणी आलं.

"रजनी," हे हळू आवाजात म्हणाले, "हे इसापूर हाय."

"हो."

"इसापूरचं धरण! म्हणजे पुसद..."

"त्या पंखाच्या मागं असेल. जरा तिकडे."

ह्यांनी घड्याळ पाहिलं. "सकाळी पाचले निघालो. एक वाजत आला. अन् आपण पुसदलेच हाओत!" आणि हसायला लागले. असे हसले, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला. मीही हसले. डोळे पुसून झाल्यावर ह्यांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं, आणि आवाज बदलला. "आपल्या घरावरून कोल्हापूर एक तास हाय फक्त, रजनी," हे म्हणाले. "एका तासावर हाय पोरगी."

तो चेहरा मी कधी विसरणार नाही. मनातून हो म्हणून झालं होतं त्यांचं. आता फक्त परतीची गाडी तेवढी हवी होती.

कोल्हापूरला एक बावन्नला उतरलो. हे पिशवी हलवत खिडकीवर गेले. "आजची संध्याकाळची दोन नागपूर द्या."

खिडकीतली मुलगी गोड होती. "आज नाही काका. नागपूरचं सकाळी एकच असतं, तेही रोज नसतं. आता परवा शनिवारी."

"पण आमी आलो थे विमान? थे जाईनच ना वापस?"

"नाही, ते पुढं बेंगळुरूला जातंय. सकाळी इथूनच नागपूरला गेलं होतं, तुम्हाला घेऊन परत आलं."

"मुक्कामाले नागपूरले नाही येत?"

"नाही हो काका."

ह्यांनी आणखी दोनदा विचारलं. गाडी चुकलेले प्रवासी ह्यांच्या खिडकीवर येऊन एकच प्रश्न तीन-तीनदा विचारायचे आणि हे घरी येऊन त्यांची नक्कल करायचे. आज स्वतः तसेच उभे होते. मग बाहेर येऊन बाकावर बसले, डायरी उघडली आणि लिहिलं: परतीची गाडी नाही. त्याखाली: मार्ग नामंजूर. पेनाचं टोपण लावलं आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

मला ह्यांचा राग आला, माझा स्वतःचाही आला. फिजानं सांगितलं तेव्हा ऐकलं असतं, तर निदान हा नकार असा वहीत लिहिला गेला नसता. मितालीला फोन लावला. प्लांटमध्ये फोन कपाटात ठेवावे लागतात, तो वाजून वाजून बंद झाला. मग मी ह्यांच्यासमोरच अवधूतला लावला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

अर्ध्या तासात तो आला, वर्कशॉपचा टेम्पो घेऊन. हातावर कोपरापर्यंत लाकडाचा भुसा. खाली उतरून आधी पाया पडला. "काका, काकू, असं अचानक? मितालीला माहीत नाही होय?"

"सहज आलतो," हे म्हणाले. सातशे किलोमीटर सहज आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"घरी चला की. आईंनी भाकरी टाकायला घेतल्यात."

"नाही. मले एसटी स्टँडवर सोडा. नांदेडले गाडी असन ना?"

मी तोंड उघडणार होते. अवधूतनं माझ्याकडे पाहिलं, आणि आग्रह केला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. "सहाला आहे नांदेड. लिहिलंय सहा, पण सुटते सहा दहाला. मिताली त्याच गाडीनं जाते, दर वेळी मीच सोडतो तिला." आमची पिशवी उचलून त्यानं टेम्पोत ठेवली आणि सीटवरचा भुसा आपल्या रुमालानं झटकला. स्टँडवर उतरवल्यावर म्हणाला, "तिची पाळी पाचला सुटते. मी तिला इथंच घेऊन येतो." आणि गेला.

कोल्हापूरच्या स्टँडवर एका बाकावर आम्ही दोघं. हे नांदेडच्या फलाटाकडे तोंड करून. मी फार वेळ गप्प राहू शकत नाही.

"आता काय?" मी विचारलं.

"ठरलं होतं, रजनी. अय्यूबसमोर ठरलं होतं. मलेई वाटत होतं, जमावं म्हणून."

"तुमचा नियम बापाच्या येण्याजाण्याचा आहे," मी म्हटलं. "पोरीच्या येण्याजाण्याचं काय? दोन वर्षांत अकरा वेळा आली ती घरी. चौदा तास येणं, चौदा तास जाणं. सोमवारी गाडीतून उतरून तशीच कामावर. तुमचा पाय मोडला तेव्हा आली, माझा मोतीबिंदू काढला तेव्हा आली. तुम्ही किती वेळा आलात?"

"मी दर वेळेस लातूरच्या कंट्रोलरले फोन करत होतो. गाडी पास झाली का म्हणून."

"लातूरला फोन केला म्हणजे कोल्हापूरला पोचलात का?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाकावरची बाई दुसरीकडे पाहायला लागली. ह्यांनी डायरी एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली.

साडेपाचला मिताली आली. डोक्यावर जाळीची टोपी घालतात तिचा वळ कपाळावर तसाच होता. लांबूनच आम्हाला पाहिलं आणि थबकली. मग पळत आली आणि ह्यांच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. "तुमी आले," एवढंच म्हणत होती. "बाबा, तुमी आले. आई, बाबा आले." जणू माझ्या येण्यात काही नवल नव्हतं. रडत होती पोर. दोन वर्षांत घरचं कुणी तिथं आलं नव्हतं, तिची खोली पाहिली नव्हती, ती काय काम करते ते पाहिलं नव्हतं.

"विमान पाह्याले आलतो," हे म्हणाले.

"अन् माझी खोली? प्लांट? काल मी नवं मशीन चालू केलं, ते तरी..."

"सहाची गाडी हाय, बेटा."

मला वाटलं, आता भांडेल. पण ती कंट्रोलरची पोरगी. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नाक पुसलं आणि फलाटाकडे वळली. गाडी लागताच खिडकीतून ओढणी आत टाकून तिनं दोन जागा धरल्या. अवधूतनं पाण्याची बाटली आणून दिली, आणि घरून आणलेला भाकरीचा डबा पिशवीत घातला. आम्ही आत बसलो. ती खिडकीखाली उभी राहिली.

"बाबा, शाल वरच काढून ठेवा. लातूरच्या आधीच्या थांब्यावर उतरू नका, पुढचा थांबा चांगला आहे. पाकीट आतल्या खिशात ठेवा. नांदेडला पोचलात की फोन करा. नाही लागला तर पुन्हा करा."

या सगळ्या सूचना एरवी हे तिला करायचे. अकरा वेळा, पुसदच्या फलाटावर, असंच मान वर करून. आता हे गाडीत होते आणि पोरगी खाली होती.

सहा दहाला कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या. गाडी मागं सरकली, वळली. मिताली दोन पावलं सोबत चालली, मग थांबली. हात हलवत राहिली. अवधूत तिच्या मागं जरा अंतर ठेवून उभा होता. आणि तिला वाटलं, आता गाडी पुरेशी लांब गेली, आता आपण दिसत नाही. तिनं हात खाली घेतला, चेहरा झाकला आणि खांद्यांनी हलायला लागली.

हे पाहत होते. मीही पाहत होते. दर वेळी आपण वळून घरी गेल्यावर गाडीतल्या पोरीचं काय होत असेल, याचा विचार मी केला होता. ह्यांनी बहुधा केला नव्हता.

हे उठले. सीटला धरत पुढं गेले, हात वर केला आणि घंटीची दोरी एकदाच ओढली.

एक घंटी म्हणजे थांब. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. या माणसानं उभ्या नोकरीत सुटलेली गाडी कुणासाठी थांबवली नव्हती. एकदा तहसीलदार मागून पळत आले होते, त्यांच्यासाठीही नाही.

"ओ आजोबा!" कंडक्टर ओरडला. "दोरीला हात का लावताय? काय विसरलं काय?"

"व्हय मास्तर, विसरलं," हे म्हणाले. "माफ करा. मी डिपार्टमेंटचाच हाय, मले समजते चुकलं म्हणून. पण उतरू द्या."

पिशवी मीच उचलली. ह्यांना कशाचंच भान नव्हतं. खाली उतरून तरातरा फलाटाकडे निघाले. मिताली घाबरून पळत आली. "बाबा, काय झालं? बरं नाही वाटत का?"

हे आधी अवधूतकडे गेले. दम लागला होता. "तुमच्या घरी," हे म्हणाले, आणि थांबले. चार पिढ्यांत त्यांच्या घरातल्या कुठल्या बापानं हे विचारलं नव्हतं. "तुमच्या घरी मुक्कामाले दोन माणसाइतकी जागा हाय का?"

अवधूतनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "आहे की काका," तो म्हणाला. "कितीबी दिवस राहा."

मितालीला काय ते कळलं. ती तिथंच, फलाटाच्या कडेवर, मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. हे वाकले, गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे तिच्या शेजारी बसले. तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मागं आमची नांदेड गाडी दोन घंट्या देऊन निघून गेली. ह्यांनी गाडीकडे वळूनही पाहिलं नाही.

"रड बेटा, रड," हे म्हणाले. "मले घाई नाही. आज मले कोणतीच गाडी नाही पकडाची."